मुरलेला सिगार ओढताना आणि चाखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे मुख्यतः क्युबात हाताने वळलेल्या सिगारांविषयी, म्हणजे ज्यांना जगभर 'हवाना' म्हटले जाते त्यांच्याविषयी आहेत. निकाराग्वा, होंडुरास आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातही उत्तम सिगार बनतात, परंतु पेटी घेऊन ती दहा-वीस वर्षे जपण्याची परंपरा हवानाभोवती वाढली आणि पेटीवरच्या शिक्क्यांवरून वय ताडण्याची सोयही तेथेच सर्वाधिक आहे.

सिगार 'मुरलेला' आहे असे केव्हा म्हणावे?

याची कायदेशीर व्याख्या नाही. पहिला घोटाळा होतो तो दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाने ओळखल्यामुळे. एक म्हणजे वळण्यापूर्वी पान किती वर्षे गोदामात ठेवले होते आणि दुसरी म्हणजे वळून पेटीत भरल्यानंतर सिगारने किती वर्षे काढली. क्युबन सिगार जगभर विकणाऱ्या हबानोस कंपनीच्या 'रेझेर्व्हा' मालिकेतील तंबाखू वळण्यापूर्वी किमान ३ वर्षे आणि 'ग्रान रेझेर्व्हा' मालिकेतील किमान ५ वर्षे ठेवलेली असते. पहिली मालिका २००३ साली कोहिबा या क्युबन ब्रँडच्या नावाने आली. अशी पेटी आज कारखान्यातून बाहेर पडली, तर तिच्यातले पान जुने असले तरी सिगार नवाच असतो. येथे 'मुरलेला' हा शब्द दुसऱ्या अर्थाने वापरला आहे. संग्राहकांच्या बोलण्यात ५ वर्षांच्या आतला सिगार कोवळा, ५ ते १० वर्षांचा स्थिरावलेला आणि त्यापुढचा मुरलेला मानला जातो. हे संकेत ढोबळ आहेत आणि बारीक सिगाराला ते जितक्या लवकर लागू पडतात तितक्या लवकर जाड सिगाराला पडत नाहीत.

इतक्या वर्षांत सिगाराच्या आत नेमके काय घडते?

मुरणे म्हटले की आपल्याला लोणचे आठवते, पण ही उपमा अर्धीच लागू पडते. लोणचे मुरते तेव्हा मीठ-मसाला फोडीत शिरतो; सिगार मुरतो तेव्हा त्याच्यातून काहीतरी निघून जाते.

क्युबाच्या पिनार देल रिओ प्रांतातील व्हुएल्ता आबाहो या भागात, विशेषतः सान हुआन इ मार्तिनेस आणि सान लुइस या गावांभोवती, सर्वांत नावाजलेली तंबाखू पिकते. तोडलेली पाने लाकडी कोठारात टांगून वाळवतात आणि मग त्यांचे ढीग रचून ती आंबवतात. ढिगाच्या आत उष्णता वाढते, पानातील नत्रयुक्त द्रव्ये फुटतात आणि अमोनिया बाहेर पडतो. ही आंबवण्याची क्रिया कारखान्यात पूर्णपणे थांबत नाही. वळलेल्या सिगारमध्येही ती अगदी मंद गतीने चालू राहते आणि म्हणूनच कोवळ्या सिगारचा पहिला झुरका कधी कधी नाकाला झोंबतो. वळल्यानंतरच्या काही महिन्यांत बरेच सिगार अशा अवस्थेतून जातात की त्या काळात ते न ओढलेलेच बरे. जाणकार या अवस्थेला सिगारचे 'आजारपण' म्हणतात.

पुढील वर्षांत तीन गोष्टी सावकाश घडतात. उरलासुरला अमोनिया उडून जातो. तोंड तुरट करणारी पॉलिफेनॉल वर्गातील द्रव्ये हवेतील प्राणवायूशी संयोग पावून सौम्य होतात, त्यामुळे कडवटपणाची धार बोथट होते. आणि भरणातील, म्हणजे सिगारच्या आत भरलेल्या, वेगवेगळ्या पानांचे, म्हणजे चटकन जळणाऱ्या व्होलादोचे, सुगंधी सेकोचे आणि झाडाच्या वरच्या भागातील जाड, तिखट लिहेरोचे गंध एकमेकांत मिसळतात. मात्र याच काळात उडून जाणारे सुगंधही उडतच असतात. काळ नकोसे तेवढेच वेचून नेत नाही, हवेसेही नेतो. या दोन्हींच्या वजाबाकीत शिल्लक काय राहते, ते चाखण्यासाठी मुरलेला सिगार ओढायचा असतो.

मग कोणताही सिगार ठेवून दिला तर तो सुधारतो का?

नाही. जो आरंभी दणकट होता त्यालाच काही गमावणे परवडते. पार्तागास, बोलिवार किंवा रामोन आयोनेस या घराण्यांतील (ब्रँडमधील) ठाशीव सिगार दशकभरानंतर देखणे होतात, तर मुळात हलका असलेला बारीक सिगार आठ-दहा वर्षांत फिका पडून केवळ गरम हवा ओढल्यासारखा लागू शकतो. पार्तागासचा लुसितानियास हा या बाबतीतला नेहमीचा दाखला आहे. त्याची लांबी १९४ मिलिमीटर आणि जाडी ४९ असते. सिगारची जाडी इंचाच्या ६४ व्या भागात मोजतात, म्हणजे हा सिगार सुमारे साडेएकोणीस मिलिमीटर व्यासाचा झाला. पन्नास सिगार फितीने एकत्र बांधून सरकत्या झाकणाच्या साध्या लाकडी पेटीत ठेवण्याची जी जुनी पद्धत आहे, तीत सिगार एकमेकांच्या सहवासात राहतात आणि सावकाश मुरतात. पंचवीसच्या, नक्षीदार कागद लावलेल्या पेटीत ते तुलनेने लवकर बदलतात, असा अनेकांचा अनुभव आहे.

यंत्रावर, कापलेल्या चुऱ्यापासून बनवलेले सिगार मुरवण्यात अर्थ नाही. निकाराग्वाचे अनेक सिगार बरीच वर्षे ठेवलेल्या पानांपासून वळलेले असतात, त्यामुळे ते विकत घेतानाच ओढण्यास तयार असतात आणि पेटीत त्यांच्यात होणारा बदल कमी असतो.

पेटीवरून वय कसे ओळखावे?

पेटी उलटी करावी. क्युबन पेटीच्या तळाशी डागलेले शिक्के असतात. 'एचो एन कुबा' हा शिक्का १९६१ नंतरचा आहे. 'तोतालमेंते आ मानो', म्हणजे संपूर्ण हाताने, हे शब्द १९८९ साली त्यात जोडले गेले. आणि कुबाताबाको या सरकारी तंबाखू कंपनीच्या चिन्हाऐवजी 'हबानोस एस.ए.' हे नाव १९९४ पासून दिसू लागले. २००० नंतरच्या पेट्यांवर कारखान्याच्या सांकेतिक अक्षरांसोबत महिना आणि वर्ष सरळ छापलेले असते, फक्त महिना स्पॅनिशमध्ये असतो, त्यामुळे जानेवारी 'एने' म्हणून दिसतो.

त्याआधीची गंमत अशी की १९८५ पासून नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तारीख 'निवेलाकुसो' या दहा अक्षरी शब्दाने लिहिली जाई. रोमन लिपीतील त्याचे पहिले अक्षर १, दुसरे २ आणि शेवटचे ० मानायचे. 'एस' नववे अक्षर आणि 'ओ' दहावे, म्हणून 'एस ओ' म्हणजे ९०, अर्थात १९९० साल.

शिक्का खरा असला तरी पेटीतले सिगार तेच असतील याची खात्री तो देत नाही. रिकाम्या जुन्या पेट्या विकल्या जातात, हे लक्षात ठेवून सिगारभोवतीच्या कागदी पट्ट्यांची छपाई, सर्वांच्या वेष्टनाच्या (बाहेरून गुंडाळलेल्या पानाच्या) रंगातील सारखेपणा आणि पेटीच्या आतील लाकडावर उमटलेले सिगारचे वळ पाहावेत. पंधरा वर्षे एकाच जागी पडून राहिलेला सिगार बहुधा थोडा चौकोनी झालेला असतो.

जुन्या काळचे सिगार आजच्यापेक्षा चांगलेच असत, हे खरे का?

हा समज विक्रेत्यांच्या फार उपयोगी पडतो. वास्तविक प्रत्येक कालखंडाची स्वतःची अडचण आहे. १९७९-८० च्या सुमारास 'निळी बुरशी' या रोगाने क्युबातील तंबाखूचे पीक मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले. नव्वदच्या दशकात अमेरिकेत सिगारची लाट आली. अमेरिकेने १९६२ पासून क्युबन मालावर बंदी घातलेली असली तरी त्या लाटेने जगभरची मागणी फुगली. क्युबाने उत्पादन घाईने वाढवले, नवे वळणारे हात कामाला लावले आणि त्या दशकाच्या अखेरीस इतके घट्ट वळलेले सिगार बाहेर पडले की काहींमधून हवा ओढणेही कठीण होई. त्यानंतरच्या काही वर्षांत कारखान्यांत ओढ तपासण्याची यंत्रे बसवली गेली आणि तक्रारी कमी झाल्या. अशा घट्ट सिगारला वीस वर्षांचे वय कसलीही मदत करत नाही. तो जुना आणि चोंदलेला सिगार होतो, इतकेच. म्हणून माझे मत असे की साल पाहण्यापूर्वी तो सिगार कोणत्या हवेत, किती हातांतून फिरत आला हे विचारावे आणि उत्तर मिळत नसेल तर वयासाठी जादा पैसे मोजू नयेत.

मुंबई-पुण्याच्या हवेत सिगार मुरवता येतो का?

येतो, पण हवेवर विसंबून नव्हे. दीर्घकाळ ठेवायच्या सिगारसाठी १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमान आणि ६२ ते ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. लगेच ओढायच्या सिगारसाठी जी ७० टक्के आर्द्रता सांगितली जाते ती वर्षानुवर्षांच्या मुक्कामाला जास्तच होते. पावसाळ्यात मुंबईची आणि कोकणाची हवा ८० टक्क्यांच्या पुढे जाते, तर मे महिन्यात नागपुरात उलट संकट असते आणि उघडा ठेवलेला सिगार काही दिवसांत पापडासारखा मोडतो. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन्ही दिशांनी आर्द्रता राखणारी पाकिटे ठेवून तो डबा तापमान स्थिर राखणाऱ्या कपाटात ठेवणे हा शोभेच्या ह्युमिडॉरपेक्षा (सिगार ठेवण्याच्या लाकडी पेटीपेक्षा) भरवशाचा उपाय आहे. आत एक साधा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक, असावा.

आपल्याकडे खरा शत्रू तंबाखूचा किडा आहे. त्याची अंडी पानातच असू शकतात आणि तापमान २५ अंशांच्या वर रेंगाळले की अळ्या बाहेर येऊन सिगारला टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडतात. वातानुकूलन यंत्र बंद पडलेल्या एका मे महिन्यात मी अकरा सिगार असे गमावले आहेत. संशय आला की पेटी हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांवर किमान ३ दिवस गोठवावी, मग एक दिवस साध्या फ्रिजमध्ये ठेवून सावकाश बाहेर काढावी. घाई केल्यास वेष्टन फुटते.

पेटीचे लाकूड ज्याला 'स्पॅनिश सीडर' म्हणतात ते देवदाराच्या कुळातले नसून कडुनिंबाच्या कुळातले आहे. आपल्याकडचे तून हे झाड त्याचे जवळचे नातलग असून त्याच्या लाकडापासूनही सिगारच्या पेट्या बनवल्या गेल्या आहेत.

सिगारवर पांढरा थर आला आहे. तो मुरल्याची खूण आहे का?

असे सांगणारे पुष्कळ भेटतील. व्यवहारात तो थर बुरशीच धरून चालावा. वेष्टनावरची बुरशी कोरड्या ब्रशने पुसता येते, परंतु ती पेटवण्याच्या उघड्या टोकातून आत शिरलेली दिसली तर सिगार टाकून द्यावा.

ओढण्यापूर्वी काय तयारी करावी?

दूरवरून आलेल्या पेटीला निदान काही आठवडे स्वस्थ पडू द्यावे. ओढायच्या आदल्या एक-दोन दिवशी सिगार काढून सीडरच्या रिकाम्या पेटीत, थोड्या कोरड्या हवेत ठेवला तर तो समान जळतो. जुन्या सिगारचे वेष्टन कोवळ्याइतके लवचिक नसते, त्यामुळे टोपीचा, म्हणजे तोंडाकडच्या बंद टोकाचा, अगदी पातळ तुकडा धारदार कटरने एका झटक्यात काढावा. बोथट पात्याने दाबले तर तडा पार पट्टीपर्यंत जातो. पट्टी सुरुवातीलाच सोलण्याचा प्रयत्न करू नये, कारण जुना डिंक वेष्टनालाही चिकटलेला असू शकतो आणि सिगार थोडा तापल्यावर तो आपोआप सुटतो.

कापल्यानंतर, न पेटवता, एकदोन झुरके ओढून पाहावेत. वाळलेले गवत, मनुके, चहाची कोरडी पत्ती असे जे काही जाणवेल ते लक्षात ठेवावे, कारण पेटवल्यावर त्याचाच कोणता भाग टिकतो हे पाहण्यात मौज आहे. येथे काहीच जाणवले नाही, फक्त जुन्या कपाटाचा वास आला, तर अपेक्षा कमी करून पुढे जावे.

पेटवण्याची रीत निराळी असते का?

रीत तीच, संयम अधिक. ज्योत टोकाला न भिडवता सिगार फिरवत कडा तांबूस होईपर्यंत शेकावी आणि मगच पहिला झुरका घ्यावा. जुने पान कोरडे असल्यामुळे चटकन पेट घेते आणि जोरदार जेट लायटरने एका क्षणात करपते. सीडरची पातळ काडी किंवा लांब काड्यापेटीची काडी बरी, मात्र गंधक पूर्ण जळून गेल्यावर.

चव नेमकी कशी घ्यावी आणि काय शोधावे?

धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात खेळवायचा. साधारण मिनिटाला एक झुरका पुरतो. त्याहून वेगाने ओढले की जळते टोक तापते, डांबरी कडवटपणा येतो आणि पंधरा वर्षांनी जे नाजूक केले ते दोन मिनिटांत भाजून निघते. मुरलेल्या सिगारच्या बाबतीत मी याहूनही सावकाश, दीड मिनिटाला एक, अशा गतीची शिफारस करीन. धुराचा थोडासा भाग नाकावाटे बाहेर सोडावा. जीभ गोड, खारट, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी ओळखते आणि ज्याला आपण सिगारची चव म्हणतो त्यातले बहुतेक नाकालाच कळते. कोवळ्या सिगारचा धूर नाकातून सोडणे शिक्षेसारखे असते, मुरलेल्याचा सहज जातो, आणि वय खरोखर लागले आहे की नाही याची हीच सर्वांत साधी परीक्षा आहे.

पहिल्यांदा असा सिगार ओढणारे बहुधा निराश होतात. दणका नाही, मिरी नाही, 'यात आहे काय?' असे त्यांना वाटते. पहिला तृतीयांश भाग संपेपर्यंत मत बनवू नये. दुसऱ्या भागात, पान नीट तापल्यावर, चव उलगडू लागते आणि ती एकापाठोपाठ एक अशा पायऱ्यांनी नव्हे, तर एकजीव येते. कोवळ्या सिगारमध्ये 'येथे लाकूड, येथे कोको, येथे मिरी' असे बोट ठेवून दाखवता येते. मुरलेल्यात या रेषा पुसट झालेल्या असतात.

चाखण्याची परदेशी शब्दावली जशीच्या तशी उचलण्याची गरज नाही. घोड्याच्या खोगिराचा वास आपल्यापैकी किती जणांनी घेतला आहे? नव्या कोल्हापुरी चपलेचा वास मात्र सर्वांना माहीत आहे आणि ज्याला 'लेदर' म्हणतात ते तेच. जुन्या हवानामध्ये मला बहुतेक वेळा सुकी खारीक, जायफळाची पुसट उब, भाजलेल्या काजूचे टरफल, उगाळलेल्या चंदनाच्या सहाणेचा ओलसर गंध आणि वाचनालयातील बांधीव पुस्तकांचा वास आढळतो. तुम्हाला वेगळेच आढळेल. झुरक्यानंतर चव तोंडात किती वेळ रेंगाळते तेही पाहावे. चांगल्या मुरलेल्या सिगारमध्ये धुराचा जोर कमी आणि हे रेंगाळणे लांब असते. जो सिगार जोर आणि रेंगाळणे दोन्ही गमावून बसला आहे तो मुरलेला नसून विरलेला आहे, मग त्याची किंमत काहीही असो.

शेवटच्या तृतीयांशात निकोटिन आणि डांबर साठत जातात. चव चिखलट होऊ लागली की सिगार ठेवून द्यावा. तो चिरडून विझवू नये, राखदाणीत तसाच सोडावा. आपोआप विझतो आणि दुर्गंधीही कमी येते.

सोबत काय प्यावे?

साधे पाणी. आग्रहच असेल तर बिनदुधाचा चहा. धुरकट व्हिस्की अशा सिगारला गिळून टाकते.

मध्येच विझला तर?

राख हलकेच झटकावी, सिगारमधून एकदा बाहेरच्या दिशेने फुंकर मारून शिळा धूर काढावा आणि पुन्हा शेकून पेटवावा. अर्ध्या तासाच्या आत हे जमते. उद्यासाठी अर्धा सिगार राखून ठेवण्याची काटकसर मात्र करू नये.

मुरलेला सिगार सौम्य असतो, म्हणजे कमी अपायकारक असतो का?

मुळीच नाही. चवीला सौम्य असणे आणि शरीराला सौम्य असणे यांचा संबंध नाही. सिगारच्या धुरामुळे तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुसे यांचे कर्करोग होतात. मोठ्या सिगारमध्ये ५ ते १७ ग्रॅम तंबाखू असू शकते, तर सिगारेटमध्ये १ ग्रॅमहूनही कमी. म्हणजे एका सिगारमध्ये सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू जळू शकते. धूर छातीत न घेण्याने सुटका होत नाही, कारण सिगारचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जाते आणि त्याची सवय लागते. शेजारी बसलेल्यालाही धूर बाधतो. जो तंबाखू वापरत नाही त्याने या पानावरील वर्णने वाचून सुरुवात करावी असे काहीही त्यात नाही.

आपला चिरूट आणि हे सिगार एकच का?

'चिरूट' हा शब्द तमिळ 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळलेले, यावरून आला आणि तिरुचिरापल्ली व दिंडिगल येथील चिरूट ब्रिटिश काळात दूरवर जात. दोन्ही टोके कापलेली, सरळ आणि कोरडी ओढायची अशी त्यांची घडण असल्यामुळे ते आर्द्रतेत वर्षानुवर्षे जपण्याची रीत त्यांच्याभोवती तयार झाली नाही.

परदेशातून सिगार आणताना आणि येथे ओढताना कोणते नियम लागू होतात?

प्रवाशाच्या सामानातून शुल्काविना आणता येणाऱ्या सिगारची मर्यादा २५ नगांची आहे. पन्नासची पेटी आणल्यास ती जाहीर करून शुल्क भरावे लागते. भारतात विकल्या जाणाऱ्या तंबाखूच्या वेष्टनावर एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के भागात सचित्र इशारा बंधनकारक आहे, त्यामुळे एखादा दुकानदार असा इशारा नसलेली 'खास जुनी' पेटी काढून दाखवत असेल तर ती चोरट्या वाटेने आली आहे किंवा बनावट आहे असे समजावे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. ३० किंवा अधिक खोल्यांची हॉटेले, ३० किंवा अधिक आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ यांना वेगळी बंदिस्त जागा ठेवण्याची मुभा आहे. सोसायटीच्या जिन्यात किंवा सामाईक गच्चीवर ओढण्यास शेजाऱ्यांची हरकत असेल, तर ती हरकत रास्त आहे.